आधी वायसर

पहाटेपासून वारा सुटला होता. पावसाचा नव्हे, नुसता कोरडा, उनाड वारा. पत्रे खडखडवायचे, दोरीवरच्या चादरी गुंडाळायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत माती टाकायची आणि पुढच्या गल्लीत पळायचं, एवढाच त्याचा उद्योग. अशा वाऱ्यात माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही म्हणतात. वायसरचं तर कालपासूनच नव्हतं.

तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली, टाकीशेजारच्या कोंदट खोलीत तो पंपापुढे उकिडवा बसला होता. पंप फिरत होता, पण पाणी वर चढत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या बाया रिकाम्या बादल्या आपटत होत्या, आणि इमारतीचे सेक्रेटरी दाराशी हाताची घडी घालून उभे होते.

त्याचं खरं नाव गल्लीत कुणाला धड ठाऊक नव्हतं. पंपदुरुस्तीचं दुकान टाकल्यापासून, कुणी कसलाही बिघाड घेऊन आलं की त्याच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "आधी वायसर बघू." म्हणजे ती रबराची फुटकळ चकती. ती ठीक असली तर पाइपाच्या तळाची झडप, मग वायर, मग कपॅसिटर. सगळे स्वस्तातले संशय फिटले की मगच मोठ्या पान्याला हात. पंप म्हणजे पोट असतं, उगाच फाडायचं नसतं, असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. या सवयीपायीच लोकांनी त्याला वायसर करून टाकलं, आणि ते नाव त्याला मिशीसारखं शोभायला लागलं.

आणि त्या वायसरने आज पंपापुढे बसल्या बसल्या थेट मोठा पाना उचलला. एकामागून एक बोल्ट काढले, हातोडीने दोन टोले देऊन पंपाचं तोंड उघडलं, तर आत सगळं लख्ख. पंखा जागच्या जागी, सील कोरडं ठणठणीत. वर दोन तोंडांमधला कागदी गास्केट मात्र उघडताना टरकन फाटला. जुना, नीट बसलेला गास्केट होता तो. एकदा फाटला की नवा कापून घालता येतो, पण मूळचा बसला होता तसा पुन्हा कधी बसत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. मग त्याने टाकीत वाकून हात घातला. तळाच्या झडपेला प्लास्टिकची पिशवी चिकटली होती, ती ओढून काढली. एवढाच बिघाड.

सेक्रेटरी खाकरले. "काय वायसर, आज थेट ऑपरेशनच?"

बोलणारा सहज बोलून गेला. वायसरच्या हातातला पाना मात्र खाली पडला, आणि खोलीभर त्याचा आवाज घुमला. नवा गास्केट कापून आणतो, दुपारपर्यंत लावतो, असं काहीतरी पुटपुटत तो उठला. पंप तसाच आ वासून पडला. उघडा पंप टाकून जाण्याची ही त्याची पहिलीच वेळ, पण त्याला आज थांबायला सवड नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका डॉक्टरकडे त्याने वेळ घेतली होती, आणि ती वेळ ऑपरेशनसाठीच होती.

दुखणं दोन वर्षांचं. सुरुवातीला वाटलं, दमलो असू. दिवसभर लोखंड उचलायचं म्हणजे चेष्टा नाही. मग वाटलं, कंबर धरलीय. नंतर कंबरही सुटली, झोपही पुरेशी झाली, आणि तरी जे उठायचं ते उठेना. तेव्हा मात्र कारण शोधायचं त्याने सोडून दिलं आणि लपवायच्या मागे लागला. साखरेचा आजार अंगात मुरलेला होताच. त्याच्या गोळ्या आठवण झाली की घ्यायच्या, हा त्याचा शिरस्ता.

पहिला उपाय न्हाव्याने दिला. दाढी करता करता, कुणाचं नाव न घेता, एका मित्राची अडचण म्हणून वायसरने विषय काढला. न्हाव्याने कानाशी येऊन मित्रासाठी म्हणून तेलाची बाटली दिली. त्या तेलाने अशी आग झाली की वायसर नळाखाली बसून राहिला, आणि बायकोला सांगितलं की मिरचीचा हात लागला. नंतर औषधाच्या दुकानातून, तेही दूरच्या, गोळ्या आणल्या. एकदा गुण आला. मग नाही. डोकं ठणकायचं, तोंड लालबुंद व्हायचं, छाती धडधडायची, आणि त्या धडधडीत जे व्हायचं ते तर व्हायचंच नाही. पुढे गोळी नुसती खिशात असली तरी त्याला घाम फुटू लागला.

बायको बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. पदराला, केसांना सदा गोड वास. लग्न झाल्यापासून त्या दोघांत एक चेष्टेचा खेळ होता. घरात निजानीज झाली की ती भांडी आवरता आवरता विचारायची, "कडी लावलीत का?" कडी तर रोजच लागायची. पण ज्या दिवशी ती विचारायची, त्या दिवशी तिच्या डोळ्यांत मिश्किली असायची आणि वायसर कडी लावलेली असूनही उठून पुन्हा दाराशी जायचा. मुलगी लग्न होऊन गेली, घर रिकामं झालं, तेव्हा तर हा प्रश्न दुपारीही यायला लागला होता.

गेल्या दोन वर्षांत तो प्रश्न हळूहळू बंद पडला. आधी वायसरनेच ऐकून न ऐकल्यासारखं करायला सुरुवात केली. मग भिंतीकडे तोंड करून झोपायला. शेवटी तर कारखान्यात रात्रपाळीला माणसं हवीत असं कळलं तेव्हा तोच म्हणाला, तू जा की, मी रात्रभर कूस बदलत असतो, तुझीही झोपमोड होते. तिने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी नाव दिलं होतं. आता रात्रपाळी कायमची करायची का, असं सुपरवायझरने विचारलं होतं. आज संध्याकाळी कामावर जाताना तिला उत्तर द्यायचं होतं. वायसरच्या जिवाला घोर होता तो त्याचा. ती कायमची रात्रपाळी घेणार म्हणजे एका छपराखाली दोघांनी पाळीपाळीने झोपायचं, खाणावळीतल्या बाकड्यासारखं. आणि ती घेऊ नको म्हणावं, तर कुठल्या तोंडाने?

म्हणून त्याने ठरवलं होतं की आजच्या आज ऑपरेशनची तारीख घ्यायची. तारीख हातात आली की मग तिला काय ते सांगू. आधी नाही.

डॉक्टर जावयाच्या वयाचा निघाला. त्याने "बसा काका" म्हटलं तिथंच वायसरचा अर्धा जीव गेला. पण त्याच्या विचारण्यात आडपडदा नव्हता. किती दिवस, किती वेळा, पहाटे कधी आपोआप जाग येते का त्याला, बायकोवर राग आहे का, दुसरीकडे कुठे जमतं का. शेवटच्या प्रश्नाला वायसर उखडला. डॉक्टर शांतपणे म्हणाला की सगळ्यांनाच विचारतो, रागावू नका.

मग वायसरने स्वतःच विषय तोडला. तो म्हणाला, ते सगळं करून झालं, मला मशीन बसवून घ्यायचंय.

डॉक्टरने खणातून नमुना काढून टेबलावर ठेवला. दोन बारीक नळ्या आत बसवायच्या, पोटात पाण्याची एक छोटी थैली, आणि खाली अंडकोशात बोराएवढा पंप. दाबला की थैलीतलं पाणी नळ्यांत चढतं, काम झालं की झडप दाबून परत उतरवायचं. बाहेरून काही दिसत नाही.

दोन वर्षांत पहिल्यांदा वायसर सैल होऊन बसला. हे तर आपल्या बिरादरीतलं. टाकी, झडप, पंप. त्याने तो बोराएवढा पंप बोटांत धरून दाबला, नळ्या ताठ होताना पाहिल्या, आणि विचारत सुटला. गळती लागली तर? किती वर्षं चालतं? आत पाणी कसलं भरता? डॉक्टरने सगळं सांगितलं. बरीच वर्षं चालतं, पण बिघडूही शकतं, मग पुन्हा उघडावं लागतं. शरीराच्या बिघाडाची वायसरला भीती वाटत होती. यंत्राच्या बिघाडाची त्याला कधीच वाटली नव्हती. आणि तिथंच त्याची गल्लत झाली.

"घाला," तो म्हणाला. "तारीख द्या."

डॉक्टरने नमुना हळूच त्याच्या हातातून काढून घेतला. "काका, हे शेवटी. यासाठी आतली मूळची स्पंजासारखी जागा या नळ्यांना द्यावी लागते. उद्या नळ्या काढल्या तरी मूळचं परत यायचं नाही."

वायसरच्या डोळ्यांपुढे सकाळचा फाटका गास्केट आला.

मग डॉक्टरने एकेक काढायला सुरुवात केली. साखर? रिपोर्ट बघून त्याने भुवया चढवल्या. एवढ्या साखरेत असलं काही अंगात बसवलं आणि जंतू धरले, तर सगळंच उपटून काढावं लागेल, म्हणाला. छाती तपासली का कधी? कधीकधी हा बिघाड हृदयाच्या बिघाडाची आगाऊ वर्दी असतो. म्हणजे आधी ते बघायचं. गोळ्या कुणी दिल्या? कुणीच नाही, वायसर म्हणाला. कशा घेतल्या? भरपेट जेवून, लगेच, आणि घाबरत. डॉक्टर हसला नाही, पण पेनाने टेबलावर ठकठक केलं. बहुतेक तशा घेतल्याने फुकट गेल्या. म्हणजे गोळ्या झाल्या असं धरायचं नाही. पुन्हा, तपासणी करून, योग्य प्रमाणात, योग्य वेळी, एकदा नव्हे चार-सहा वेळा. त्यानेही नाही जमलं तर जागेवर टोचायचं बारीक इंजेक्शन आहे. किंवा हे.

आणि त्याने कपाटातून दुसरी वस्तू काढली. हातभर नव्हे, वीतभर लांबीची काचेसारखी नळी. तिच्या टोकाला हाताने मारायचा छोटा पंप. नळी वरून चढवायची, पंपाने तिच्यातली हवा बाहेर काढायची, रक्त खेचलं जातं, आणि मग मुळाशी रबराची चकती चढवून ते टिकवायचं. अर्ध्या तासाच्या वर चकती ठेवायची नाही.

वायसर त्या रबराच्या चकतीकडे टक लावून बघत राहिला. जगात देव असलाच तर तो पक्का टवाळ असला पाहिजे, असं त्याला वाटलं. पण रागही आला. या वयात माणसाने बिछान्यात बसून हातपंप मारायचा? त्यापेक्षा ते आतलं बरं. कुणाला दिसत नाही, खटपट नाही, एकदाचा सोक्षमोक्ष.

"मी नाही म्हणत नाही," डॉक्टर म्हणाला. "साखर उतरू दे. हृदयाची तपासणी होऊ दे. गोळ्या नीट घेऊन बघू, सुई किंवा हे बघू. त्यातलं काही चाललं नाही, किंवा चालून तुम्हा दोघांना नको झालं, तर मी स्वतः ऑपरेशन करीन. बरेच लोक सुखी आहेत त्यावर. पण तेव्हा. घरी माहीत आहे ना?"

"आहे," वायसर खोटं बोलला.

"मग पुढच्या खेपेला त्यांना घेऊन या."

बाहेर पडला तेव्हा वारा तसाच होता. दवाखान्याची पाटी दोन साखळ्यांवर हेलकावे खात होती. खिशात फोन सारखा वाजत होता, सेक्रेटरींचाच. त्याने उचलला नाही. दुकानात जावं, गास्केट कापावा, असं मनात येई, आणि पाय घराकडे वळत. मध्येच तो थांबला, उलट फिरला, परत थांबला. एका रसवाल्याने त्याला विचारलं देखील, काही हरवलंय का?

घरी आला तर ती जागी होती. रात्रपाळी करून आलेलं माणूस या वेळी गाढ झोपेत असायचं. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, वेणी घातलेली, कामावर जायचे कपडे अंगावर. दुपार टळायच्या आत.

सेक्रेटरींचा फोन घरी आला होता, तिने सांगितलं. पंप उघडा टाकून वायसर कुठे गेले म्हणून विचारत होते. दुकानाला कुलूप, फोन उचलत नाही. ती हे सांगत होती आणि त्याच्या चपलांकडे बघत होती.

"उघडा पंप टाकून तुम्ही आपल्या लेकीच्या बारशालाही आला नव्हता," ती म्हणाली. "कोण आहे ती?"

वायसरला हसू यावं की रडू, कळेना. तो म्हणाला, डॉक्टरकडे गेलो होतो. तशी ती उठून उभीच राहिली. काय झालंय, कुठली गाठ आहे, कधीपासून, आणि मला सांगितलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला पाहून त्याच्याच्याने राहवेना. दोन वर्षं तोंडात धरलेला घास त्याने गिळायच्या ऐवजी बाहेर टाकला. नीट सांगताही आलं नाही. पंपाच्या भाषेत सांगितलं, दाब धरत नाही, एवढंच. पण तिला कळलं.

ती परत स्टुलावर बसली.

"दोन वर्षं," ती म्हणाली, "दोन वर्षं मी आरशात बघतेय. साबण बदलला. केस रंगवले. वाटलं, या बिस्किटाच्या वासाने यांना मळमळतं. तुम्ही स्वतः मला रात्रपाळीला घातलंत तेव्हा म्हटलं, झालं, आपली घरातली पाळी संपली."

वायसरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"मला बोलू द्या. मी काही साधू नाही. मला आठवतं सगळं. माझंही काही वय झालेलं नाही."

हे ती रडत बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती रागाने बोलत होती, आणि त्या रागात दोन वर्षांपूर्वीची ती होती. वायसर जमिनीवर बसला, भिंतीला टेकून. आणि घाईघाईने सांगून टाकलं की काळजीचं कारण नाही, आपण ऑपरेशन करून घेणार, आत पंप बसतो, मी स्वतः दाबून बघितलाय, चांगला माल आहे. डॉक्टर जरा आढेवेढे घेतोय, पण त्याला पटवतो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग बारीकसारीक विचारलं. डॉक्टर आढेवेढे का घेतो? त्याने चाचरत साखरेचं सांगितलं. मूळचं परत येत नाही, तेही सांगितलं. गोळ्यांचं सांगितलं, सुईचं सांगितलं, तेलाचंसुद्धा, आणि घरी माहीत आहे असं डॉक्टरला खोटं सांगितल्याचंही. मिरचीच्या हाताची गोष्ट उलगडली तेव्हा तिच्या ओठांचा कोपरा हलला, पण तिने तो परत जागेवर बसवला. काचेसारख्या नळीचं आणि रबराच्या चकतीचं तो टाळत होता. तिने खोदून काढलं.

आणि मग मात्र ती हसली. खो खो हसली, पदर तोंडाला लावून.

"सगळ्या गावाला आधी वायसर," ती म्हणाली, "आणि स्वतःला थेट ऑपरेशन? उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग, तेही या वयात!"

वायसरला ते लागलं. लागायलाच हवं होतं. मी काही पंप नाही, तो चिडून म्हणाला. तेच तर, ती म्हणाली.

थोड्या वेळाने ती उठली आणि फळीवरचा मोठा डबा खाली काढला. कारखान्यातून मोडकी बिस्किटं मिळायची, ती त्यात भरून ठेवलेली असत. वायसर रोज सकाळी त्यातली मूठभर कागदात बांधून दुकानात न्यायचा, चहाबरोबर. एका हाताने बांधायचं आणि दुसऱ्याने सोडायचं तसं त्याच्या घरात चाललं होतं. इकडून साखरेची गोळी, तिकडून साखरेचा डबा. तिने डबा उचलून दारात ठेवला. शेजारणीच्या पोरांना देईन, म्हणाली. एक मूठ तरी राहू दे, असं तो म्हणाला, आणि तिने असं बघितलं की त्याने पुढचं वाक्य गिळलं.

रात्रपाळीचं काय, हे विचारायला त्याला धीर होत नव्हता. तिनेच काढलं. कायमची नाही घेत म्हणून सांगते आज. पण तुमच्यावर उपकार म्हणून नव्हे, ती म्हणाली, दिवसा झोप येत नाही मला. आणि डॉक्टरकडे मी येणार. त्याला खोटं सांगितलंत ना मला माहीत आहे म्हणून, तर ते खरं करून टाकू.

"आणि साखर उतरली, सगळं करून बघितलं, तरी नाही जमलं तर?" त्याने विचारलं. त्याची खरी भीती ती होती. ऑपरेशनची कधीच नव्हती.

खोटा दिलासा देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"मग करा ऑपरेशन," ती म्हणाली. "मी नको नाही म्हणणार. पण तेव्हा दोघं मिळून जाऊ. आणि तोवर भिंतीकडे तोंड करून झोपायचं नाही. काही नाही झालं तरी इकडे तोंड करायचं."

काही सुटलं होतं असं नव्हे. महिने जाणार होते, रक्त द्यायचं होतं, पोराच्या वयाच्या माणसापुढे पुन्हा चड्डी सोडायची होती, तीही बायको शेजारी असताना. त्या कल्पनेने त्याचे कान तापले. फोन पुन्हा वाजला. या खेपेला त्याने उचलला आणि आलोच म्हणाला.

दुकानात जाऊन त्याने जाड कागद काढला, फाटका गास्केट त्यावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारली, कात्रीने कापला, भोकं पाडली. इमारतीत पोचला तेव्हा सेक्रेटरी जिन्यातच उभे. पंपाला झालंय तरी काय, त्यांनी विचारलं. एरवी वायसरने कुठल्यातरी भागाचं नाव सांगून वेळ मारून नेली असती.

"पंप चांगलाच होता," तो म्हणाला. "झडपेत पिशवी अडकली होती. मीच उगाच उघडला."

वायसर खोलीत शिरला, उकिडवा बसला. दोन्ही तोंडं फडक्याने पुसून त्याने गास्केटला ग्रीस लावलं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत आणले. वर बादल्या अजून आपटत होत्या. त्याने टोपण काढून तांब्याने पंपात पाणी ओतायला घेतलं. आतली हवा बुडबुड करत वर येत होती. ती संपेपर्यंत बटणाला हात लावायचा नसतो. त्याने आणखी एक तांब्या भरला आणि ओतू लागला.